पॅनोरामात डोंगराची धार दरवेळी वाकते? आधी दोष फोटोचा आहे का ते बघा

तक्रार ठरलेली असते. "पन्हाळ्यावरून एका ओळीत फोटो घेतले, जोडले, आणि मसाईचं पठार केळ्यासारखं वाकलं." त्यापुढचा प्रश्नही ठरलेला: "सरळ करायला कुठलं बटण दाबू?" पाऊस उघडला, हवा धुऊन निघाली की कोल्हापुरातले निम्मे कॅमेरे पन्हाळा, जोतिबा, गगनबावड्याच्या रस्त्याला लागतात आणि दिवाळीपर्यंत हेच फोटो, हीच तक्रार फिरत राहते.

बटण आहे, पण ते दाबण्याआधी एक गोष्ट तपासायची असते आणि नेमकी तीच कुणी तपासत नाही: धार जोडकामात वाकली, की जागेवरही तशीच दिसत होती? आपल्याकडे हा घोळ जास्तच होतो. सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरावर थर, त्यामुळे माथे सपाट. पठार म्हटलं की सरळ रेषा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मग रेषा जराशी कलली तरी हात स्लायडरकडे जातो आणि डोंगराचा खराखुरा उतार पुसून टाकला जातो. असे 'दुरुस्त' केलेले पॅनोरामा मी वाकलेल्या पॅनोरामांपेक्षा जास्त पाहिलेत.

नजरेची पातळी

बहुतेक रुंद पॅनोरामा सिलिंड्रिकल प्रोजेक्शनमध्ये जोडले जातात, म्हणजे फोटो तुमच्याभोवतीच्या गोल नळकांड्यावर आतून चिकटवायचे आणि मग ते नळकांडं उलगडून सपाट करायचं. तिथं नियम एकच: तुमच्या डोळ्याच्या उंचीला असलेली आडवी रेषा सरळ राहते, तिच्या वरच्या-खालच्या आडव्या रेषा वाकतात. डोळ्याच्या वर असलेली लांबलचक सरळ धार मधे उंच आणि टोकांना उतरलेली दिसते, म्हणजे कमान. डोळ्याच्या खाली असलेली धार मधे खोल आणि टोकांना चढलेली दिसते, म्हणजे झोळी.

यात सॉफ्टवेअरचा काही खोडसाळपणा नाही. समजा, तुम्ही पायथ्याला उभे आहात. समोर १ किलोमीटरवर ३०० मीटर उंचीचा, डावी-उजवीकडे सरळ पसरलेला कडा आहे. नाकासमोर तो सुमारे १७ अंश उंच दिसेल. मान ६० अंश वळवलीत की त्याच कड्याचं अंतर होतं २ किलोमीटर, आणि तो दिसतो जेमतेम साडेआठ अंश. उंची तीच, दिसणं निम्मं. जागेवर मान फिरवताना हे जाणवत नाही, कारण आपण एका वेळी एवढंसंच बघतो. फोटोत दोन्ही टोकं एकदम समोर येतात आणि मग 'वाकला, वाकला' सुरू होतं.

त्यामुळे पायथ्याच्या गावातून काढलेल्या पन्हाळ्याच्या पॅनोरामात तटाची रेषा कमानदार आली तर ती तशीच यायला हवी. वर तटावर उभं राहून काढलेल्या फोटोत पायाखालचा तट धनुष्यासारखा फाकला तर तेही बरोबर. शिवाय गडाचा कडा नकाशात एकदा पाहून घ्या. तो आत-बाहेर वळणं घेत जातो, आणि जो भाग तुमच्याकडे सरकतो तो उंच दिसतो. धार जवळपास तुमच्याच उंचीला असेल, म्हणजे एका पठारावरून समोरचं तेवढ्याच उंचीचं पठार टिपलं असेल, तरच ती सरळ यायला पाहिजे. ती तिथं वाकली असेल तर दोष आपला.

पातळी जागेवर ओळखायची सोपी रीत आहे. पॅनोरामाचे फोटो घेऊन झाले की कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल लावा, कॅमेरा पुढे-मागे आणि आडवा अगदी शून्यावर आणा आणि डावीकडे, मधे, उजवीकडे असे तीन जादा फोटो काढा. प्रत्येकाच्या बरोब्बर मधल्या आडव्या ओळीवर जे काही येतं (मोबाईलचा टॉवर, एखादं झाड, देवळाचा कळस) ते तुमच्या डोळ्याच्या उंचीला आहे. जोडलेल्या पॅनोरामात या तीन खुणा एका सरळ आडव्या ओळीत आहेत का, एवढंच बघायचं. त्या ओळीत असतील आणि धार वाकडी असेल, तर धार खरीच तशी आहे. तिला हात लावू नका.

खांब बघा, धार नको

जादा फोटो काढले नसतील, आणि बहुधा नसतातच, तर उभ्या रेषांकडे जा. विजेचे खांब, टॉवर, घरांचे कोपरे, सुरूची झाडं. आपल्या डोंगरांत आता कुठलीही फ्रेम टॉवरशिवाय येत नाही, त्याचा एवढा तरी उपयोग.

कॅमेरा वर रोखून फिरवला आणि सॉफ्टवेअरला ते समजलं नाही, तर क्षितिजाची झोळी होते आणि दोन्ही टोकांचे खांब माथ्याकडे आत, एकमेकांकडे झुकतात. कॅमेरा खाली रोखलेला असेल तर उलट: कमान होते आणि खांब बाहेरच्या बाजूला फाकतात. धार खरोखरच कमानदार असेल तेव्हा मात्र खांब दोन्ही टोकांना ओळंब्यात उभे असतात. कमान आहे पण खांब सरळ, तर डोंगर निर्दोष. कमान आहे आणि खांबही फाकलेत, तर जोडकाम चुकलंय. कुणाचाही पॅनोरामा समोर आला की मी आधी दोन्ही टोकांचे खांब शोधतो, डोंगर नंतर.

पाण्याच्या बाबतीत एक सापळा आहे. "पाणी सपाट असतं, मग काठाची रेषा आडवी पाहिजे" असं म्हणून कितीतरी जण राधानगरीच्या जलाशयाचा काठ आडवा करून बसतात. पाणी सपाट असतंच, पण काठ तिरपा पळतो. जो काठ जवळ येतो तो फोटोत खाली येतो. काठावरून पातळी ठरवता येत नाही. प्रतिबिंबावरून मात्र ठरवता येते. रंकाळ्यावर सकाळी वारा पडलेला असताना शालिनी पॅलेसच्या मनोऱ्याचं टोक आणि पाण्यातलं त्याचं टोक घ्या. ही दोन टोकं एकाच उभ्या रेषेवर यायलाच हवीत. प्रतिबिंब बाजूला सरकलेलं दिसलं, तर फोटो त्या जागी तेवढाच कललाय. पॅनोरामाच्या दोन्ही टोकांना असं एकेक प्रतिबिंब मिळालं तर दुसरं काही तपासायची गरज नाही.

दुरुस्तीसाठी हगिन (Hugin) हे पॅनोरामा जोडायचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, थोडं किचकट आहे, पण या कामाला त्याच्याइतकं प्रामाणिक हत्यार नाही. कंट्रोल पॉइंटच्या (जुळवायच्या बिंदूंच्या) पानावर डावीकडे-उजवीकडे तीच फ्रेम उघडायची, एका खांबाचा माथा आणि बुंधा दाखवायचा आणि प्रकार 'उभी रेषा' निवडायचा. डाव्या टोकाला एक, मधे एक, उजव्या टोकाला एक असे तीन खांब पुरतात. मग पुन्हा ऑप्टिमाइझ. खांब उभे झाले की क्षितिज आपोआप जागेवर बसतं, आणि धार जी काय दिसेल ती खरी. पीटीगुई (PTGui) या सॉफ्टवेअरमध्येही हीच सोय आहे. लाइटरूमच्या पॅनोरामा मर्जमध्ये नाही. तिथं 'बाउंड्री वार्प' नावाचा स्लायडर आहे, जो वेड्यावाकड्या कडा ताणून चौकट भरतो. दिसायला छान, पण ताणताना तो डोंगरही ताणतो. फोटो पारखताना तो शून्यावरच ठेवा. कडेचं आभाळ कापलं गेलं तर जाऊ दे.

धार नागमोडी येते

इथं दोष ट्रायपॉडच्या पायात असतो. कॅमेरा लेव्हलमध्ये असून भागत नाही. तो ज्या आसाभोवती फिरतो तो आस उभा पाहिजे. लोक बॉलहेडवर (ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या गोळ्याच्या सांध्यावर) कॅमेरा सरळ करतात आणि खालची तबकडी तिरकीच ठेवून फिरवतात. पहिली फ्रेम झकास, तिसरीपासून कॅमेरा कलायला लागतो. पूर्ण ३६० अंशांचा पॅनोरामा असेल तर क्षितिजाला एक चढ आणि एक उतार अशी अख्खी लाट दिसते. १२० अंशांत त्या लाटेचा तुकडाच येतो, म्हणून कधी नुसता तिरकेपणा दिसतो, कधी फुगवटा, आणि दरवेळी निराळं काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

उपाय: आधी ट्रायपॉडचे पाय कमी-जास्त करून बुडाची पाणसळ मधे आणायची, त्यावर हेड, त्यावर कॅमेरा. मग एकदा सगळं अर्धवर्तुळ फिरवून दोन्ही टोकांना लेव्हल तशीच राहते का बघायचं. जांभ्याच्या उघड्या खडकावर पाय घसरतात, तिथं एक पाय खाचेत अडकवून बाकीचे दोन जुळवले की काम होतं.

धारेला मधेच पायरी पडते

याचं खापर लगेच पॅरालॅक्सवर फोडलं जातं, म्हणजे कॅमेरा सरकला की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढून सरकलेली दिसते त्यावर. "नोडल पॉइंट जुळला नाही" असं म्हटलं की माणूस जाणकार वाटतो. (नोडल पॉइंट म्हणजे लेन्सचा तो बिंदू, ज्याच्याभोवती कॅमेरा फिरवला की हे सरकणं होत नाही.) जरा हिशेब करू. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा, ५० मिमीची लेन्स. दोन फोटोंच्या मधे तुमचा हात १० सेंटिमीटर सरकला, तर ८०० मीटरवरची वस्तू साधारण एका पिक्सेलनं हलते. धार तर कित्येक किलोमीटर लांब. तिला पॅरालॅक्सची बाधा होतच नाही. हातात धरून काढलेला फोटोही बिनबोभाट जुळतो. बाधा होते ती दोन मीटरवरच्या कारवीच्या झुडपाला, रेलिंगला, बुरुजाच्या चर्येला. तिथं त्याच १० सेंटिमीटरनं जवळजवळ तीन अंशांचा फरक पडतो, म्हणजे चारशेच्या वर पिक्सेल.

तेव्हा पायरी समोरच्या रेलिंगला असेल तर नोडल पॉइंट. लांबच्या धारेला असेल तर चोर दुसराच, आणि तो बहुतेक वेळा ढग. सॉफ्टवेअर दोन फोटोंत सारखे दिसणारे बिंदू शोधून ते जुळवतं. आभाळात ठसठशीत ढग असले की त्याला तिथंच भरपूर बिंदू सापडतात. तुम्ही चवथा फोटो काढेपर्यंत ढग पुढे गेलेले असतात. सॉफ्टवेअर ढगाला ढग जुळवतं आणि डोंगर सरकतो. हगिनमध्ये आभाळातले बिंदू काढून टाकायला सेलेस्ट (Celeste) नावाचं साधनच आहे. ते न वापरता हातानं काढले तरी चालतात: धारेच्या वरचा एकही बिंदू ठेवायचा नाही, वाऱ्यात डोलणाऱ्या उसाच्या शेंड्यांवरचेही काढायचे, खडकावरचे ठेवायचे.

आणखी एक, पायरीपेक्षा वाईट प्रकार: जोड बेमालूम दिसतो, पण धारेवरचा एखादा उंचवटा गिळला गेलेला असतो किंवा एकच झाड दोनदा उभं असतं. हे लांबून कळत नाही. सुट्या फ्रेम्स शेजारी लावून धारेवरचे उंचवटे डावीकडून उजवीकडे मोजा, मग जोडलेल्या फोटोत मोजा. आकडा जुळला पाहिजे. मोबाईलचा पॅनोरामा मोड यात सर्रास फसतो, विशेषतः घाईनं फिरवल्यावर. मोबाईलवरच काम भागवायचं असेल तर तो मोड सोडा. आभाळावर बोट दाबून ठेवून एक्स्पोजर कुलूपबंद करा, फोन उभा धरा, सुटे फोटो घ्या आणि घरी येऊन जोडा. फिरताना फोन हात लांबवून स्वतःभोवती फिरवू नका. फोन जागेवर ठेवून तुम्ही त्याच्याभोवती पावलं टाका.

समोर बुरूज हवाच असेल तर कॅमेरा मागे सरकवणारी पट्टी लागते, म्हणजे लेन्सचा नोडल पॉइंट आसावर येतो. बाजारातली पट्टी महाग वाटते म्हणून लोक नाद सोडतात. अरे, आपण कोल्हापुरात राहतो! बाबूराव पेंटरांनी ज्या गावात घरचा मूव्ही कॅमेरा बनवला, तिथं एका पट्टीसाठी अडायचं? उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं जा, ॲल्युमिनियमची साधारण वीतभर लांब पट्टी घ्या, मधे लांबट खाच आणि एका टोकाला ट्रायपॉडचे आटे पाडून घ्या. आटे पाव इंची, इंचाला २०. हे मात्र नीट सांगा, मिलिमीटरचे आटे पाडले तर स्क्रू बसणार नाही. बिंदू शोधायला जवळ एक काठी रोवा, तिच्यामागे लांबचा टॉवर धरा आणि कॅमेरा डावी-उजवीकडे वळवा. काठी टॉवरवरून सरकते तोवर पट्टी मागे-पुढे करा. सरकायची थांबली की तिथं पट्टीवर खूण कोरा. झूम बदलला की खूणही बदलते.

आभाळात पट्टे

हे धारेचं दुखणं नव्हे, पण धारेच्या मागंच दिसतं म्हणून लिहितो. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही मॅन्युअल. एवढ्यानं बहुतेक पट्टे जातात. उरतात ते पोलरायझरचे, म्हणजे आभाळ गडद निळं करणाऱ्या फिल्टरचे. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळावर पोलरायझर सगळ्यात जास्त चालतो, त्यामुळे रुंद फोटोत एकसारखा निळा मिळणं शक्यच नाही. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या अंगानं पश्चिमेकडं १८० अंश काढलेत तर दोन्ही टोकं काळीनिळी आणि मधलं आभाळ फिकं. त्याच वेळी उत्तरेकडं तोंड केलंत तर बरोब्बर मधे काळा डाग. पोलरायझर खिशात ठेवा.

हिवाळ्यात गुऱ्हाळं पेटली, शेतात पाचट जळायला लागलं की धुराचा थर धारेच्या पायथ्याला बसतो. मग डीहेझचा (धुरकटपणा कमी करणारा) स्लायडर ओढून ओढून लोक आभाळाच्या पट्ट्या पाडतात आणि लपलेले जोड उघडे करतात. त्याला एकच औषध, पाऊस पडून गेल्यावरची सकाळ.

धार दोऱ्याएवढी बारीक दिसते

वाकडेपणा नसला तरी पॅनोरामा पडतो तो इथं. १८ मिमीनं आडवा कॅमेरा धरून काढलेल्या फोटोत तीन हिस्से आभाळ, एक हिस्सा गवत आणि मधे डोंगर नावाला. डोंगराला जागा द्यायची तर कॅमेरा उभा धरा आणि लेन्स लांब घ्या. फुल-फ्रेमवर ५० मिमी उभी धरली तर एक फ्रेम २७ अंश रुंद. तीस टक्के ओव्हरलॅप ठेवून १२० अंशांना सहा फ्रेम लागतात. धार लांब असेल तर ८५ किंवा १३५ मिमीसुद्धा जड नाही, फ्रेम तेवढ्या वाढतात. लांब लेन्सनं फिरताना तबकडीवरचे अंश बघून फिरवा, अंदाजानं नको, नाहीतर मधेच एक भोक राहतं.

काही जण वेगळीच वाट काढतात: फोटो उभा ताणतात. डोंगर उंच होतो, दरी खोल होते, लाइक मिळतात. ओळखायची खूण सोपी. आभाळात चंद्र असेल तर तो अंड्यासारखा होतो, टॉवर सडपातळ होतात, चरणाऱ्या म्हशी पायांनी लांब होतात. शंका असली तर गूगल अर्थवर त्याच जागी जमिनीलगत उतरून त्याच दिशेला बघा. तिथली धार उंचीच्या मोजमापांवरून काढलेली असते. बारीक सुळके त्यात बोथट होतात, त्यामुळे खडकाशी खडक जुळवायला जाऊ नका. पण दोन खिंडींमधलं अंतर आणि माथ्याची उंची यांचं प्रमाण जुळलंच पाहिजे. स्पर्धेला आलेला फोटो असेल तर मी हे प्रमाण न जुळणारा फोटो बाजूला काढतो, मग तो कितीही देखणा असो. चित्र म्हणून कुणी तसं केलं तर माझी हरकत नाही, पण खाली 'मसाई पठार' लिहायचं नाही.

छपाईला देताना शेवटची तपासणी. फ्लेक्सवाल्याकडं चौकट ठरलेली असते, १० बाय ३, ८ बाय ४, आणि मशीनवरचा पोरगा तुमची फाइल त्यात 'बसवून' देतो, म्हणजे ताणतो. वर केलेली सगळी मेहनत तिथं दोन क्लिकमध्ये वाया जाते. फाइल देण्याआधी चौकटीच्या मापाची कोरी फाइल स्वतः बनवा, पॅनोरामा त्यात प्रमाण न मोडता ठेवा, वर-खाली उरलेली जागा काळी किंवा पांढरी भरा आणि "साइझला हात लावू नको" असं तोंडानंही सांगा. सहा फूट रुंद भिंतीवरच्या छपाईला इंचाला १५० पिक्सेल धरले तर रुंदी १०,८०० पिक्सेल लागते. वर सांगितलेल्या सहा उभ्या फ्रेम्समधून ती आरामात निघते. मूळ फाइल मोठी असेल तर लहान तुम्हीच करा, मशीनवर सोपवू नका.